मामांनी पास केलेली मशिनं

टेस्टिंग मामांनी आयुष्यात कुठल्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात 'चाललं' म्हटलं नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत पॉवरपीसी नावाच्या जुन्या चिपवर चालणारे सहा कॉम्प्युटर होते, छावणीतल्या एका बंद छापखान्यातून आम्ही उचलून आणलेले. धडधाकट मशिनं भंगारात ढकलणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. मामांनी ते वाचलं, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "बूटलोडर कोणता टाकायचा, ते नाय लिहिलं यात."

बूटलोडर म्हणजे बटण दाबल्यावर लिनक्सला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या फुकटच्या सिस्टीमला, उठवणारा छोटासा प्रोग्राम. आम्हाला सहा मशिनं फर्दापूरच्या अभ्यासिकेत लावायची होती. ग्रामपंचायतीनं बजावलं होतं, सोमवारी मशिनं दिसली तर खोली तुमची, नाहीतर तिथं खताची पोती. मामांना त्याचं काय! वायर भिंतीतून उपटायची, मशीन दिवसभर तसंच ठेवायचं, मग चालू करायचं. असं ओळीनं पाच दिवस उठलं तर वहीत 'पास'. एकदा चुकलं की पुन्हा पहिला दिवस. त्यात बूटलोडरची नवी आवृत्ती आली की मामा खुश. चालत्या मशीनवरही तीच टाकायची आणि पुन्हा पहिला दिवस!

"मामा, पोरं काय वायरी उपटत बसणार आहेत का?" मी ओरडले.

"पोरं नाय, लाईट जाईल. आतला सेल मेलाय पोरी. करंट तुटला की लिनक्स कुठं ठेवलंय ते मशीन विसरतं. बूटलोडरनं ते स्वतः हुडकाया पाहिजे."

"सगळी चालू होतायत की!"

"आत्ता व्हतायत. दोनच पास हायेत."

रविवारी मी भांडून सहाच्या सहा टेम्पोत घातली. सोमवारी अख्खं गाव जमलं. मामांनी पास केलेली दोन उठली. बाकी चारांच्या पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह लुकलुकत राहिलं. सरपंच म्हणाले, "ताई, यांनाच लई प्रश्न पडलेत की!" लोक खदाखदा हसले. दोन उठली म्हणून खोली वाचली, एवढंच.

चार मशिनं मी मामांकडे परत घेऊन गेले. वाटलं, आता हा माणूस मला ऐकवणार. मामांनी वही उघडली. "प्रश्नचिन्हाच्या आधी काही अक्षरं आली व्हती का?"

"मी नाही बघितलं."

"बघाया पाहिजे व्हतं." बास. त्यांचा पूर्ण राग एवढाच. मला मात्र त्या दिवशी कुणीतरी तासभर शिव्या घालायला हव्या होत्या.

पुढच्या पाच महिन्यांत तीन पास झाली, फर्दापूरला गेली. सहावं चौथ्या दिवसावर अडकायचं. ते तसंच असताना मामा गेले, हृदयविकारानं, कसलीही पूर्वसूचना न देता.

परवा मामींनी ते पुसून दारात आणून ठेवलं. "घेऊन जा बाई. चालू व्हतंय. आता कोण बघतंय?"

"मामी," मी म्हटलं, आणि माझा आवाज उगाचच चढला, "नापास आहे ते!"