एसीत बसवलेले ढोल

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या फोटोंत एवढी नारळाची झाडं कुठून आली?" उत्तर द्यायच्या आधीच कॉल तुटला. सध्या मी सगळे फोटो वर्षवार लावून तुम्हाला पाठवायचं काम काढलं आहे. त्यांत दिसतं ते तुम्ही पाहालच. जे दिसत नाही ते सांगायला मी आहे, तोवर लिहून टाकते.

शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि कॅमेरा घेतला. जॅझ मला रेडिओपासून आवडायचं. ते उघड्यावर, समुद्राकाठी वाजतं असं कळल्यावर मी तिथं जायला लागले. आधी श्रीलंका, मग गोवा, मग केरळ. तुमचे आजोबा छत्री आणि ट्रायपॉड सांभाळायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "निवृत्तीनंतर लोकांच्या बायका काशीला जातात, आमची सॅक्सोफोनला जाते." सॅक्सोफोनवाला फुंकतो तेव्हाचा फोटो सगळेच काढतात. मी तो श्वास घेतो तेव्हाचा काढायचे. माझे फोटो लोकांना आवडायचे ते त्यामुळे.

केरळच्या महोत्सवात आफ्रिकेचे, क्यूबाचे वादक यायचे. एका वर्षी तिथल्या संयोजक बाईंनी विचारलं, "तुमच्या भागात काय वाजतं?" मी त्यांना आमच्या शेजारच्या केंदूर गावच्या धनगरांच्या गजी नाचाचे फोटो दाखवले. मधे मोठे ढोल, भोवती रुमाल उडवत गोल फिरणारे पांढऱ्या अंगरख्यांतले गडी. पुढच्या वर्षी केंदूरच्या पार्टीला, म्हणजे त्या नाचाच्या चमूला, बोलावणं आलं.

पार्टीचे म्होरके आबा. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता कांदा आणि ऊस करतात. मी निरोप घेऊन गेले तेव्हा त्यांच्या दारात भांडण चाललं होतं. पार्टीतली तरुण मंडळी कंपनीत कामाला, त्यांना यंदा बिरोबाच्या यात्रेला डीजे लावायचा होता. आबांचा पुतण्या मला म्हणाला, "बाई, ढोल कोन ऐकतंय आता? म्हातारी मान्सं आन् शेरडं."

आबा शांतपणे म्हणाले, "तितं जगातली वाजवणारी येत्यात म्हनं. त्यांनी उठून ऐकलं तर ढोल ऱ्हाईल. न्हाई ऐकलं, तर म्या सोता देवळात टांगतो, तुमी आना डीजे."

पुतण्या म्हणाला, "ठरलं." सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे शब्द फिरवायला जागा राहिली नाही.

दौंडला गाडीत चढलो. ढोल बघून टीसी म्हणाला, "हे काय, लग्न आहे का?" आबा म्हणाले, "व्हय, तुमीबी या." तो हसला आणि पुढे गेला.

किनाऱ्यावर पोचलो त्या रात्री सगळे जेवून झोपले. सकाळी आबांनी ढोलावर काठी मारली. नुसताच भद्द आवाज झाला. दोऱ्या आवळल्या, तरी भद्द. आपल्याकडची हवा कोरडी. एका रात्रीत कातडं इतकं ओलावून उशीसारखं होईल, असं घाटावर कुणाला वाटणार? गावी पावसाळ्यात ते ढोल जाळावर शेकतात, पण इथं मांडव नारळाच्या झावळ्यांचा, जाळ करायला सक्त मनाई.

"आबा, ढोल हाय का गादी?" पुतण्याने टोमणा मारला.   आबा ढोलावर हात ठेवून वाळूत बसले. ते पाहून मी उपाय शोधायला लागले.

दमट हवेशी माझी जुनी ओळख होती. श्रीलंकेत पहिल्याच दिवशी थंडगार खोलीतून कॅमेरा बाहेर काढला आणि भिंग धुक्याने भरलं. तेव्हापासून मी अशा ठिकाणी एसी लावतच नसे. पण एसी हवा कोरडी करतो, आणि ढोलाला नेमकी तीच हवी होती.

"आबा, ढोल माझ्या खोलीत ठेवा. संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही."

"देवाचा ढोल निजायच्या खोलीत? न्हाई बाई."

"मग खोलीचं देऊळ करू."

तुमच्या आजोबांनी गाद्या गुंडाळून व्हरांड्यात टाकल्या. चपला बाहेर गेल्या. आबांनी फरशी पुसून घेतली, घोंगडी अंथरली, ढोल बसवून त्यांवर भंडारा उधळला. खोली पिवळी झाली. मी एसी लावला आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने लक्षात आलं, कॅमेऱ्याची पिशवी आत कपाटात राहिली होती. आजोबा म्हणाले, "पटकन उघडून घे." मी म्हटलं, "नियम मीच केलाय." कॅमेरा गार होणार आणि बाहेर काढल्यावर धुरकटणार, हे मला पक्कं माहीत होतं. ढोल वाजणं जास्त गरजेचं होतं.

संध्याकाळी दार उघडलं. आबांनी कातड्यावर टिचकी मारली, ते खणकन वाजलं, तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, बिगीबिगी." पुन्हा ओल धरायच्या आत वाजवायचं होतं. गड्यांनी ढोल तसेच मांडवात पळवले. पहिली काठी पडली आणि झाडांवरचे कावळे उडाले. खुर्च्यांतली माणसं उठली. आमच्यानंतर ज्यांचं वादन होतं ते जॅझवाले आपली वाद्यं ठेवून पुढे आले आणि गड्यांच्या मागे गोल फिरायला लागले, पायांत पाय अडकवत. पुतण्या घामाने निथळत होता. आबांनी त्याच्यापुढे रुमाल झटकला, "का रं, गादी हाय व्हय?" तो नाचता नाचता हसला.

हे सगळं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरा गळ्यात होता आणि भिंगावर पांढरं धुकं. ते विरलं तेव्हा शेवटचा फेरा चालू होता.

यात्रेत त्या वर्षी डीजे आला नाही. पुढे एकदा आला, लोकांना आवडलाही, पण ढोलानंतर. आबांचे गुडघे गेले आहेत. ते खाटेवर बसून झांज वाजवतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. काठी आता पुतण्याच्या हातात आहे. एका ढोलाचं कातडं बदललं, बाकीची तीच आहेत. त्या संध्याकाळचे माझ्याकडे थोडेच फोटो आहेत, कडांना धुरकट. पार्टी केंदूरला दर यात्रेत वाजते.