शालूबाईची वांगी

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन खोल्या, तिथं निकेशचा कोडिंगचा क्लास आहे. पुण्याच्या कंपनीत काही वर्षं काढून तो परत आला. आई एकटी आहे म्हणून आलो, असं तो लोकांना सांगतो. ते खोटं नाही, पण इथं त्याला सगळे ‘सर’ म्हणतात आणि तिथं कुणी म्हणत नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचे प्रोजेक्ट अडले की ते लॅपटॉप छातीशी धरून निकेशचा जिना चढतात. एखाद्यानं कोडमधली वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, जन्माला घालायच्या आधीच तिला हाक मारलेली असते, आणि उत्तर येत नाही म्हणून तो रडकुंडीला आलेला असतो. एखाद्यानं कोडमध्येच बापाचे गुण पोरांत यावेत म्हणून वारसा लावलेला असतो, मग बापाला जरा हात लावला की सगळी पोरं एकदम आजारी पडतात. निकेश हे पाचेक मिनिटांत ओळखतो, पण सांगत नाही. आधी समोरच्याकडून ‘सर, माझंच चुकलं’ असं वदवून घेतो, मग सांगतो. तेवढी हौस त्याला आहे. आणि प्रत्येक वेळी त्याचं ठरलेलं वाक्य येतं: मशीन खोटं बोलत नाही, तुम्ही सांगितलं तेच करतं, चूक असते ती माणसाची. वाक्यात काही खोट नव्हती. फक्त त्यातला माणूस म्हणजे आपण नव्हे, अशी त्याची पक्की समजूत होती.

निकेशचं मूळ गाव केळझर, आई मात्र आता त्याच्याजवळ सिंदी मेघेत राहते. तिथल्या भाजीपाला लावणाऱ्या काही घरांनी मिळून एक गट केला आहे. रोज सकाळी शेडमध्ये सगळ्यांचे क्रेट गोळा होतात आणि गाडी वर्ध्याच्या मेसना, वसतिगृहांना माल पोचवते. पण एखाद्याच्या क्रेटमध्ये किडकं निघालं की नाव सगळ्या गटाचं खराब होई, आणि ते क्रेट कुणाचं यावरून शेडमध्ये रोज तोंडातोंडी. तेव्हा गटाचा प्रमुख खुशाल म्हणाला की यावर एखादं ॲप करून घेऊ. नागपूरच्या कुणाला तरी बोलवायचं चाललं होतं. शालूबाईनं ते मोडून काढलं. आपल्या गावचं पोरगं एवढं शिकलेलं असताना बाहेरचा माणूस काय म्हणून, असं ती म्हणाली आणि काम निकेशकडे आलं.

शालूबाई म्हणजे निकेशच्या आईची जुनी सोबतीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वावराचा एक तुकडा आणि विहिरीत अर्धा वाटा, एवढ्यावर तिनं घर चालवलं. विहिरीचा दुसरा वाटेकरी रूपराव, तिच्या नवऱ्याचा मोठा चुलतभाऊ, म्हणजे तिचा भासरा. भासऱ्यासमोर ती आजही डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तोंड वर करून बोलत नाही आणि त्याचं नाव तर घेतच नाही. दोघांचीही वांगी होती, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे हिची आणि पलीकडे त्याची.

निकेशनं ॲप झटपट केलं. प्रत्येक क्रेटला नंबर, आणि त्या नंबरामागे मालक, वावर, विहीर, पाण्याची पाळी. गटात एका विहिरीवरची माणसं ही दोघंच, तपशील सगळा सारखा, म्हणून ती नोंद त्यानं चटकन उरकली. मेसवाल्यानं खराब माल निघाल्यावर क्रेटचा नंबर टाकला की खुशालच्या फोनवर नाव येई. पैशाचा हिशेब खुशाल आपल्या जुन्या रीतीनंच ठेवत होता, त्याला ॲपनं हात लावला नव्हता. सगळ्यांना बरं वाटलं. भांडण मिटलं, आता मशीनच सांगेल.

मशीन सांगू लागलं, आणि सांगू लागलं ते शालूबाईचंच नाव. एकदा झालं, चालतं. पुन्हा झालं, खुशालनं हसत समज दिली. पण तक्रारी येतच राहिल्या. वारंवार तक्रार आली तर त्या घरचा माल गाडीत घ्यायचा नाही, असा गटाचा नियम होता. शेवटी शेडमध्ये बैठक बसली आणि निकेशला मुद्दाम बोलावून घेतलं.

शालूबाई एका कडेला बसली होती. समोरच भासरा बसलेला, त्यामुळे पदर पुढे ओढून, मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, “थे वांगे माहे नाईत, बापू. मी एकेक पाहून भरतो.”

कोणी दुसरा असता तर निदान एकदा ॲप उघडून बघतो म्हणाला असता. पण निकेशचं बोट चटकन दुसऱ्याकडे वळायचं. आपल्या कामावर शंका घेतलेली त्याला मुळीच खपत नसे. सगळा गाव बघत होता, त्याच्या ॲपची परीक्षा होती, आणि सवयीचं वाक्य जिभेवर तयारच होतं.

“काकू, मशीन खोटं बोलत नाई. माणूस बोलते.”

दोघेतिघे हसले. शालूबाई उठली, आपले रिकामे क्रेट एकात एक घातले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचा माल शेडवर आला नाही. ज्या बाईनं भरल्या गटात आपली बाजू घेऊन काम मिळवून दिलं, तिलाच आपण भरल्या गटात खोटं ठरवलं, हे निकेशच्या मनात तेव्हा आलंसुद्धा नाही. उलट घरी परतल्यावर त्यानं आईला सांगितलं की शिस्त लागायला कुणीतरी कठोर व्हावंच लागतं.

पुढच्या पंधरवड्यात खुशालचा फोन आला. शालूबाईचा माल बंद आहे आणि तरी तिच्या नावावर तक्रार आली, हे कसं? इथं तरी माणसानं चमकावं. पण नाही. निकेश म्हणाला, ती दुसऱ्या कुणाच्या क्रेटमध्ये माल घालत असेल, लक्ष ठेवा. अंगण वाकडंच होतं. नाचणाऱ्याचं काही चुकत नव्हतं.

त्याच आठवड्यात रंजिता नावाची विद्यार्थिनी तिचा प्रोजेक्ट घेऊन आली. ग्रंथालयाचं ॲप होतं. पुस्तक कुणीही नेलं तरी नाव एकाच वाचकाचं दाखवायचं. निकेशनं कोड पाहिला आणि नेहमीच्या थाटात फळ्याकडे गेला. त्यानं एक घर काढलं आणि त्याला दोन दारं काढून दोन पाट्या लावल्या. तो सांगू लागला की दुसरी पाटी लावली म्हणजे दुसरं घर बांधलं, असं होत नाही. तू जुन्या नोंदीची प्रत काढलीस, पण प्रत निघाली ती वरवरची. आतला माणूस दोन्ही नोंदींत मिळून एकच राहिला. नव्या नोंदीत तू त्याचं नाव बदललंस, तर जुन्या नोंदीतही तेच बदलणार, कारण…

तिथं त्याचा हात थांबला. रंजितानं विचारलं, कारण काय, सर? फळ्यावरच्या घराला त्यानं दोन दारं काढली होती आणि त्याच्या डोळ्यांपुढे एक विहीर उभी राहिली होती.

पोरं गेल्यावर त्यानं आपला कोड उघडला. शोधावंसुद्धा लागलं नाही. विहीर तीच, पाळी तीच, मग पुन्हा कशाला लिहा, म्हणून त्यानं रूपरावच्या क्रेटच्या नोंदीची प्रत काढली होती, नंबर बदलला होता, आणि मालकाच्या जागी शालूबाईचं नाव टाकलं होतं. मालक आत एकच होता. त्या क्षणापासून रूपरावचं प्रत्येक क्रेट शालूबाईचं झालं. किडकी वांगी रूपरावची होती. क्रेटवरचा नंबरही रूपरावचाच होता, पण फोनवर नाव दिसत असताना नंबर कोण वाचतो? पहिल्या सत्रातली पोरं करतात ती चूक. अशा चुकीवर त्यानं कितीतरी जणांना सगळ्यांसमोर माफी मागायला लावली होती.

दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली. आणि मग निकेशनं जे केलं त्याची लाज त्याला चुकीपेक्षा जास्त वाटते. त्यानं गटाला निरोप पाठवला की ॲप अपडेट करून घ्या, काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत. किरकोळ! शब्द टाइप करताना कान तापले होते, तरी त्यानं तो पाठवला. खुशालनं उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. प्रकरण मिटलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

पण जेवताना आईनं सहज विचारलं, शालू बरी आहे ना रे, बऱ्याच दिवसांत फोन नाही तिचा. निकेश ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी देऊन त्यानं गाडी सेलूमार्गे केळझरला काढली. बैठकीत वगैरे बोलायचा विचार नव्हता. काकूला एकटीला गाठायचं, हळूच सांगायचं, पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

शालूबाई वावरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निंदत होती. डोळ्यांवर नवा चष्मा होता. निकेशनं वांग्याच्या तुकड्याकडे पाहिलं तर तिथं नुसती उघडी माती, आणि धुऱ्यावर वाळलेल्या झाडांचा ढीग. त्या ढिगातल्या फांद्यांना सुकलेली वांगी अजून लटकत होती.

“वांगी कुठं गेली, काकू?”

“उपटले मी.” ती हात न थांबवता म्हणाली. “मले त कीड दिसेच नाई. चिरून पाह्यले, फोडून पाह्यले. मंग म्हटलं, मशीन त खोटं बोलत नाई, माहेच डोये गेले असन. किडके वांगे लोकाच्या लेकराइच्या ताटात कायले घालू?”

दवाखान्यात जाऊन तिनं डोळे तपासून घेतले होते. नंबर अगदी थोडा निघाला. तरी चष्मा तिनं केलाच आणि तो लावूनही कीड दिसेना, तेव्हा तर तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. जन्मभर वांगं हातात घेऊन वजनावरून, देठावरून पारखणारी बाई. तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा निकेशचा शब्द खरा मानला होता, कारण तो गावचं शिकलेलं पोरगं होता.

निकेश धुऱ्यावरच बसला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं सगळं सांगितलं. प्रत, वस्तू असले शब्द न वापरता सांगितलं की त्यानं घाईत दोन घरांना एकच नाव लावलं होतं, तिची वांगी चांगली होती आणि तिचे डोळेही चांगले होते.

तिनं विळा खाली ठेवला. किडकी वांगी कुणाची होती, हे तिनं विचारलं. निकेशची नजर धुऱ्यापलीकडे गेली आणि तिनं तिकडे न पाहताच पदर पुढे ओढला, जरी तिथं कुणी नव्हतं.

“त्याइचं नाव तू घेऊ नको,” ती म्हणाली. मग पुन्हा विळा उचलत म्हणाली, “पन इथं मले एकटीले कायले सांगून राह्यला? जिथं बोल्ला होता, तिथं सांगजो.”

पाया पडायला उठून वाकलेला निकेश सरळ उभा राहिला. हळूच मोकळं व्हायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये सगळे जमले असताना तो बोलायला उभा राहिला. शालूबाईच्या नावावरच्या सगळ्या तक्रारी दुसऱ्याच क्रेटच्या होत्या, असं त्यानं सांगितलं. रूपराव आपल्या चपलेकडे बघत बसला, आणि नाव न घेताही ज्यांना समजायचं त्यांना समजलं. खुशाल मनाचा मोठा माणूस. गावच्या पोराची अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं पटकन सावरून घेतलं.

“म्हंजे मशीनच चुकलं म्हना ना. होते असं कधी कधी.”

वाट आयती मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“नाई, खुशालभाऊ. मशीन नाई चुकलं. मी चुकलो. आनं काकूले मी इथं सगळ्यांसमोर खोटं पाडलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. खुशालनं घसा खाकरला आणि कडेला बसलेल्या शालूबाईला म्हणाला की वहिनी, झालं गेलं विसरा, उद्यापासून तुमची वांगी पुन्हा गाडीत येऊ द्या.

शालूबाईनं मान वर केली. चष्म्यातून तिनं आधी खुशालकडे, मग निकेशकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“कोनते वांगे आनू, बापू? थे त मी उपटले.”

निकेशच्या हातात फोन होता आणि त्यावर दुरुस्त केलेलं ॲप उघडं होतं. शालूबाईच्या नावापुढे आता एकही तक्रार नव्हती, आणि एकही क्रेट नव्हतं.