पारूबाईंच्या माशांविषयी

आठ दिवसांपूर्वीपर्यंत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायको गेली, तिलाही नाही. शेवटच्या दुखण्यात तिनं एकदा विचारलं होतं, "मनात काय हाय का तुमच्या?" — मी म्हणालो, काही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नसालही. पण लिहिताना समोर कोणी तरी बसलंय असं धरावं लागतं, म्हणून धरतो.

मी तेवीस वर्षं ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला होतो. आमचं गाव पणदऱ्याच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला. गावाची विहीर ओढ्याच्या काठावर आहे. ओढ्यात वरच्या आळीची गटारं येतात, गोठ्यांचं धुवण येतं. कालवा चालू असला की विहिरीला चांगला पाझर लागतो. आवर्तन बंद झालं की पाणी खाली जातं, आणि मग ओढाच विहिरीत झिरपतो. हे मला माहीत होतं. गावात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

कामाची रीत ठरलेली. रोज सकाळी टीसीएल — जंतू मारायची पांढरी पावडर — बादलीत कालवायची. अर्धा तास तशीच ठेवायची. गाळ खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची, मग पाणी सोडायचं. एवढंच. पण त्याला वास येतो. चहाला येतो, भाकरीच्या पिठाला येतो. बायका नळावर हसायच्या, "तात्या, पाणी सोडताय का फिनेल?" एक जण तर भांडायलाच आला — गाई तोंड लावत नाहीत, डेअरीला दूध कमी पडतंय म्हणून.

मी औषध निम्मं केलं. मग दिवसाआड. मग बंदच केलं. आणि लोक म्हणायला लागले, "तात्या, आता कसं पाणी गोड लागतंय बघा." मला ते आवडलं. इतकी वर्षं कोणी माझ्या पाण्याला चांगलं म्हटलं नव्हतं. एवढ्यासाठी? — हो, एवढ्यासाठीच. दुसरं काही कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तपासणीची बाटली आली की ती मीच भरायचो. आरोग्य सेवक पंचायतीत चहा घेत बसायचा, बाटली माझ्या हातात द्यायचा. त्याचा माझ्यावर विश्वास होता. त्या उन्हाळ्यात बाटली आली तेव्हा टाकीत औषध जाऊन महिना झाला होता. मी घरी एका कळशीत पाणी घेतलं, चिमूटभर पावडर टाकली, अर्धा तास थांबलो आणि त्यातून बाटली भरली. अहवाल आला — पिण्यास योग्य. पंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड लागलं. मी त्याच्याकडे बघायचो तेव्हा मला काय वाटायचं? आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आता सुरेखाचं सांगायला हवं. तेच टाळत होतो.

खालच्या आळीत पारूबाई राहतात. त्यांचा मुलगा हणमंत, त्याची बायको सुरेखा. बारावी झालेली, बोलायला धीट. सातवा महिना होता. एक दिवस मी त्यांच्या दारापुढचा व्हॉल्व्ह फिरवत होतो, तर ती तांब्या घेऊन आली. म्हणाली, "तात्या, पाण्याला कसला तरी वास येतोय. औषधाचा न्हाय, दुसराच. उकळून पिऊ का?"

मी तांब्या हातात घेतला. वास होता. मी म्हणालो, "अगं, हिरवं कार्ड लागलंय पंचायतीत. गॅस कशाला जाळतीस?"

ती हसली. "तुमी म्हणताय म्हंजे झालं." आणि माझ्यासमोर त्यातलं दोन घोट पाणी प्यायली.

तीन-चार आठवड्यांनी खालच्या आळीत कावीळ आली. सात-आठ जण आजारी पडले, उठले. सुरेखा उठली नाही. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट असते, हे मला नंतर कळलं. आधी गळ्यात काविळीची माळ घालायचं गावठी औषध झालं, मग बारामतीचा दवाखाना, तिथून पुणे. सहाव्या दिवशी गेली. पोटातलं बाळही गेलं.

तालुक्याची माणसं पाणी बघायला आली. येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. सकाळी मी टाकीत दुप्पट औषध ओतलं. साहेबांनी विचारलं, "रोज टाकता?" मी म्हणालो, रोज. वहीत रोजची सही होती. ती मी त्याच दिवशी पहाटे एकाच बैठकीत केली होती.

पाणी निर्दोष सुटलं. मग कशानं गेली? कोणाला तरी आठवलं — पारूबाईंची बहीण भिगवणला, उजनी धरणाच्या काठी असते. सुनेला डोहाळे लागले म्हणून पारूबाई तिथून चिलापी मासे घेऊन आल्या होत्या. पुण्याची सगळी घाण नदीनं उजनीत येते, त्या पाण्यातले मासे पोटुशीला खायला घातले — म्हणून गेली. झालं. सगळ्यांना पटलं. ते मासे हणमंतनं खाल्ले होते, पारूबाईंनीही खाल्ले होते. हे कोणी धरलं नाही. पुण्याची घाण सगळ्यांना दिसली. ओढ्यातली आमची आम्हाला दिसली नाही. मला दिसत होती — पण मी बोललो का?

हणमंत आईशी बोलायचा थांबला. वर्षभरानं त्यानं दुसरं लग्न केलं आणि बारामतीला राहायला गेला. पारूबाईंना कोणी डोहाळजेवणाला बोलवत नाही, ओटी भरायला बोलवत नाही. बहीण वारली तेव्हाही त्या भिगवणला गेल्या नाहीत. चौदा वर्षं झाली.

मधे एकदा पारावर मला म्हणाल्या होत्या, "तात्या, सगळ्या गावानं बोल लावला. तुमी एकल्यानं कधी लावला न्हाय." मी मान हलवली. काय करायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन जेवलो.

गेल्या महिन्यात नात बाळंतपणाला आली. सून डोहाळजेवणाची नावं काढत होती. खालच्या आळीतली सगळी घरं घेतली, पारूबाईंचं सोडलं. म्हणाली, "त्या म्हातारीला नगं बाई. सुनंला मासं घालून मारलं तिनं." मी तिथंच बसलो होतो. कार्यक्रम झाला, मी पुरणपोळी खाल्ली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे आठ दिवसांपूर्वी, मी पारूबाईंकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. औषध, बाटली, तांब्या. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दुसऱ्याच कोणाचं सांगत असल्यासारखा आवाज येत होता.

त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "म्हंजे माशांनी न्हाय?"

"न्हाय."

"तुमास्नी तवापासनं ठावं हाय?"

"व्हय."

मी वाट बघत होतो — शिव्यांची, काहीतरी फेकून मारण्याची. त्या म्हणाल्या, "हणमंताला मी सांगितलं तर म्हणंल, म्हातारी बरळतीय. तुमी लिवून द्या. तुमच्या हातानं. खाली सही करा." आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

म्हणून हे लिहिलं. एक प्रत हणमंतला देणार आहे, एक पंचायतीच्या फळ्यावर लावणार आहे. कोणाला एवढं सगळं वाचायला वेळ नसेल तर खालचं तेवढं वाचावं.

पारूबाईंनी भिगवणहून आणलेले मासे चांगले होते. विहिरीचं पाणी खराब होतं. त्यात औषध टाकायचं काम माझं होतं आणि मी ते महिन्याहून जास्त दिवस टाकलं नव्हतं. तपासणीचं पाणी मी खोटं दिलं. पाणी उकळू का, असं सुरेखानं मला विचारलं होतं. मी नको म्हणालो.