आंब्यावरची झोळी

त्या दिवशी मी आधी चुकीच्याच हळदीला जाऊन बसलो.

बदलापूर पश्चिमेहून बारवी धरणाच्या रस्त्याला बायकोचं माहेर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मेहुण्याच्या मुलीची हळद होती, आणि त्याच दिवशी गावात आणखी एक मांडव. मी आरामात दोनदा सरबत घेतलं आणि "नवरी कुठंय?" म्हणून विचारलं, तर समोर पाटावर नवरा! शेवटी मेहुणा शोधत आला. "दाजी, यो मांडव आपला नाय. चला तिकरं."

बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढी वर्षं झाली, यांना अजून सासर सापडत नाही."

तर असा मी. पण भुताखेतांवर विश्वास मात्र कधीच नव्हता. अंबरनाथ एमआयडीसीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांचा विभाग, सांभाळतो... हाताला लागेल तेवढंच खरं, हा माझा हिशोब.

दुपारी घरात फार उकडत होतं, म्हणून आमचा नातू विहान – सहा महिन्यांचा – मांडवातच झोपवला. बायकोने तिच्या पिवळ्या साडीची झोळी मांडवाच्या आडव्या बांबूला बांधली. शेजारची जनीआजी दोरी धरून बसली. "जा गो पोरी, जेव. मी हाय ना," ती माझ्या मुलीला, स्नेहलला म्हणाली.

मग शेतापलीकडे मातीचा खांब उभा राहिला. वावटळ आम्ही पाहिलेली. पोरं तर मोबाईल काढून हसत होती. पण हा खांब जाड होत गेला, काळा झाला, आणि आमच्या शॉपमधल्या सगळ्या प्रेस एकदम सुरू झाल्यासारखा आवाज आला. पत्रे उडाले. सगळे स्लॅबच्या घरात घुसले. कोणीतरी दार लावलं. आत अंधार, धूळ, आणि त्यात स्नेहलचा आवाज –

"आई, विहान तुझ्याकडे आहे ना?"

बायकोला वाटलं होतं, तो स्नेहलकडे आहे.

दार उघडेना. बाहेरून काहीतरी येऊन पडलं होतं. आम्ही खांदे लावत होतो, स्नेहल नुसती दारावर हात आपटत होती. बाहेर पडलो तेव्हा वारा थांबला होता आणि मांडव नव्हता. खुर्च्या नाहीत, भांडी नाहीत. गोठ्याची भिंत कोसळली होती. तिच्याखाली जनीआजी सापडली. गेली होती. मुठीत झोळीची दोरी, पुढे तुटलेली.

झोळी बायकोला दिसली. शेताच्या बांधावर आंबा आहे, त्याच्या वरच्या फांदीला पिवळं काहीतरी लोंबत होतं... हळूहळू हलत होतं.

मेहुणा वर चढला. आम्ही खाली चादर ताणून धरली. "दाजी, पोरगा झोपलाय," तो वरून म्हणाला. फांदीशी खटपट करत राहिला. मग, "गाठी सुटत नायत." शेवटी कोयत्याने साडी कापून त्याने विहानला खाली दिला. अंगावर साधा ओरखडा नाही. जांभई दिली त्याने.

वाऱ्याने अख्खा बांबूच झोळीसकट उडवून झाडात अडकवला असेल, असं मी लोकांना सांगत होतो. पण बांबू दूर शेतात पडलेला, मोडका. आणि झोळी जिवंत फांदीला बांधलेली – मनगटापेक्षा जाड, एका बाजूला खोड, दुसऱ्या बाजूला पानांचा भलामोठा झुपका. बांधलेली साडी तिथे सरकवून बसवताच येणार नाही. सोडूनच पुन्हा बांधावी लागेल.

जनीआजीला पोहोचवून आम्ही परत आलो. बदलापूरच्या घरी बायको विहानला मांडीवर घेऊन बसली होती. मी पुन्हा तेच – एवढ्या उंचावर गाठ मारली कोणी?

ती म्हणाली, "गाठीचं सोडा हो. ती मारून होईपर्यंत याला कोणी धरलं होतं?"