तेलाचा भार

मार्चमधला शनिवार, सकाळ. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची बाग. हजर: प्राचार्य, माळीभाऊ, झाडांच्या नोंदी ठेवणारी मी आणि न बोलावता आलेल्या अक्का.

अक्का वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. कुठल्याही खोडावर टकटक करून विचारायच्या, “काय वाहतोस रे?” शेवग्याचं लॅटिन नाव मोरिंगा ओलिफेरा, म्हणजे तेल वाहणारा. यातल्या ‘फेरा’मागचं लॅटिन क्रियापद त्यांनी मागे मागे नेलं, ते संस्कृत ‘भृ’च्या शेजारी जाऊन बसलं. आपला ‘भार’ त्याच घरातला.

एवढं पुस्तकात मिळालं. पण अक्कांचा नियम कडक: कुणाच्या तोंडून ऐकल्याशिवाय झाडाच्या पाटीवर लिहायचं नाही. म्हणून ऐन वेचणीत धरणगावला गेल्या आणि कापसाचं गाठोडं स्वतःच डोक्यावर घेतलं. गाठोडेवाली आपलं ओझं परत मागत ओरडली, “अक्का, खाले ठेवा! हाऊ भार मन्हा शे!”

अक्कांची मान आखडली. “‘भार’ मिळाला,” वाकड्या मानेनेच मला म्हणाल्या.

मग शेवग्यावर पाटी आली. वर लॅटिन, मध्ये मराठी, खाली खान्देशी: ‘हाई झाड तेलना भार वाहस.’

त्या शनिवारी वाद या तिसऱ्या ओळीचा होता.

“अक्का, पाहणीला समिती येतेय,” प्राचार्य म्हणाले. “ही गावठी ओळ तेवढी पुसू या.”

“समितीला लॅटिन येतं?”

“नाही.”

“आणि खान्देशी?”

माळीभाऊ खाली बघून हसला.

“कुणालाच येत नाही ती चालते. सगळ्यांना येते ती पुसायची? मी नाही पुसणार.”

प्राचार्यांनी पाटीच उतरवायला लावली. समिती आली तेव्हा अक्का शेवग्याखाली उभ्या होत्या, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून. एका पाहुण्याने तिसरी ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “माझी आई असंच बोलायची.” दुसऱ्या दिवशी पाटी झाडावर परत आली. सुतळीने, खिळा अक्कांना चालत नसे.

दिवाळीनंतर अक्का गेल्या. प्राचार्यांनी विचारलं, “आता तरी ती ओळ काढायची का?” मी म्हणाले, “नाही.” झाडाचा घेर वाढला तशी सुतळी सैल करून दिली.

आंब्याची पाटी मात्र माझ्या टेबलावर आहे. मँजिफेरा, आंबा वाहणारा. दोन ओळी अक्कांच्या अक्षरात, तिसरी कोरी. मला ती जुळवता येईल, पण ऐकलेली नाही. नशिराबादच्या आमराईत जायचं अजून बाकी आहे.