आमच्या चाळीत अशी कोणी बाई राहत नाही

मी वाचायला शिकले ती गेट मीटिंगच्या पत्रकांवर. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात होते, पण त्यांचा खरा संसार युनियनशी. त्यामुळे आईचा पासपोर्ट काढायचं ठरलं तेव्हा घरात पहिला निषेध मीच नोंदवला. आईने लेकीकडे जायचं, तर त्यात सरकारची परवानगी कशाला?

"निषेध मागाहून कर गं," आई म्हणाली. "आधी फोटो कुठे काढतात ते सांग."

माझी थोरली बहीण नवऱ्याबरोबर मस्कतला होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. पण तिची तब्येत नाजूक, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही सांगितलं. तिने एक कॅसेट पाठवली. सुरुवातीला सगळ्यांची विचारपूस, मग नुसती खरखर, आणि मग, "आई, तू येशील ना?" आईने टेपरेकॉर्डर बंद केला. माहेर जागचं हलणार नसेल तर माहेरानेच मस्कतला जायचं, असा तिचा हिशेब.

मग कागद सुरू झाले. रेशनकार्ड होतं. जन्माचा दाखला नव्हता. आई कोकणात जन्मली त्या साली तिथे पाऊस जास्त झाला होता, एवढीच नोंद आजोळी होती. कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं. मॅट्रिक नसलेल्या बाईला परदेशी जायला आणखी एका ऑफिसची परवानगी लागते, हेही तेव्हाच कळलं. चौथी शिकलेल्या बाईला फसवतील म्हणून ही काळजी म्हणे. चौथीच्या पुढे तिला शिकवलं का नाही, याची काळजी मात्र कुठल्याच ऑफिसात नव्हती! व्हिसासाठी जावयाच्या कंपनीने तिकडे हमी भरली होती. जावई पासपोर्टचा नंबर मागत होता आणि पासपोर्टचा पत्ता नव्हता. बहिणीला आठवा लागला.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर चाळीत सण असल्यासारखं वातावरण. शेजारच्या काकू चहा वाटत होत्या.

"काय हाकलला गं त्याला!" त्या मला म्हणाल्या. "साध्या कपड्यात आला होता. पण पायात बघितलं तर पोलिसाचे बूट!"

संपाच्या वेळी बाबांनी अख्ख्या चाळीला एक गोष्ट शिकवली होती. अनोळखी माणूस कुणाचं नाव विचारत आला की आधी त्याचे पाय बघायचे. बूट लाल, पॉलिश केलेले असले की आपल्याला काहीच माहीत नाही. या शिकवणीने तेव्हा तिघांची अटक चुकली होती आणि चाळीला तिचा फार अभिमान होता.

तळमजल्यावरच्या आजोबांनी तर कमाल केली होती. "मी त्याका सरळ सांगितलंय, तशी कोण बाई हय रवना नाय!"

"बाई?" नुकत्याच बाजारातून आलेल्या आईने विचारलं. "कुठली बाई विचारत होता?"

काकूंनी नाव सांगितलं. आडनावासकट.

आई उंबऱ्यावरच बसली. "अहो, ती मी!"

निम्म्या चाळीला तिचं नाव खरंच ठाऊक नव्हतं. वीस वर्षं ती सगळ्यांची वहिनी नाहीतर काकी होती. उरलेल्या निम्म्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी जास्त ठासून नाही सांगितलं होतं. पासपोर्टसाठी पत्ता तपासायला आलेला तो माणूस 'पत्त्यावर राहत नाही' असं लिहून घेऊन गेला होता. आता पासपोर्ट कसला मिळतो?

बाबा आता स्वतःचेच पाय बघत होते. मी म्हटलं, आपण पत्रक काढू.

"पत्रक पोचेपर्यंत पोर चालायला लागेल," आई म्हणाली. तिने चपला घातल्या. "चला सगळे. तुम्हीच नाही म्हणालात, आता तुम्हीच हो म्हणा."

चाळ निघाली. पोलीस चौकीवर आमचे मोर्चे पूर्वीही गेले होते, पण बायका पदर खोचून पुढे आणि बाबा मान खाली घालून सगळ्यांत मागे, असा हा पहिलाच. हवालदाराने गर्दी बघून कपाळावर हात मारला.

"आता कुणाला सोडवायचंय?"

"कुणाला नाही," आई म्हणाली. "माझी चौकशी करा."

आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "चौकशी झालीच पाहिजे!" मागून चाळीने साथ दिली, "झालीच पाहिजे!" आतला साहेब हसत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस आमच्या घरी बसला होता. समोर चहा, पोहे, आणि दारात सगळी चाळ.

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, इथे राहत नाहीत?"

"तेव्हा नव्हती."

"आणि आता?"

"आता आसा."

"कधीपासून?"

"वीस वर्षां झाली असतीत."

तो मान खाली घालून लिहीत राहिला, पण त्याचे खांदे हलत होते. मग एकदम गंभीर होऊन त्याने आईला विचारलं, "मोर्च्यात जाता का?"

बाबांचा कप हातातच राहिला. मला आतल्या आत ओरडावंसं वाटलं, एवढ्यापुरतं नाही म्हण. लेक तिकडे दिवस मोजतेय. आणि लगेच वाटलं, नको, नाही म्हणू नकोस.

"जाते की," आई म्हणाली. "भाकऱ्या घेऊन. संपावरच्या माणसाला भूक लागत नाही का?"

त्याने पेन थांबवलं. बाबांच्या भिंतीवरच्या पोस्टरांकडे बघितलं, मग पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे.

"भाकरीवर अजून कुठलं कलम लागत नाही," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

पासपोर्ट आला, त्या दुसऱ्या ऑफिसचा शिक्का झाला, व्हिसाची नक्कलही आली. सहारच्या विमानतळावर चाळ टेम्पो करून गेली. डिंकाचे लाडू, शेपा, बाळंतकाढा घेऊन, नऊवारी नेसलेली आई काचेच्या दारातून आत शिरली. पासपोर्ट तिने पोलक्यात ठेवला होता. शिपायाने मागितला तर म्हणाली, "तोंड फिरव, काढते."

मग एका दुपारी वाण्याच्या दुकानात ट्रंककॉल आला. आम्ही धावलो. आई इतकं ओरडून बोलत होती की फोनची गरजच नव्हती.

"मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. मी वेळेवर पोचले गं!"

"आई, देश कसा आहे तो?"

"देश कुठे बघितलाय? मी बाळंतिणीच्या खोलीत आहे. पण इथे नळाला गरम पाणी येतं, बाळाच्या अंघोळीला झकास! थांब, हे ऐक."

बारीक, रागावलेलं रडणं ऐकू आलं. मागे सगळी चाळ दुकानाच्या फळीला रेटून उभी होती. मी रिसीव्हर हात पुरेल तितका उंच धरला.