हिराआत्याचा आवाज

डबा उघडून पहिला घास घेतला तेवढ्यात पूजाचा फोन आला. पूजा ही माझ्या आतेभावाची, नितेशची, बायको. जासईहून ती एरवी दुपारी फोन करत नाही. "ताई, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. तिची सासू, माझी हिराआत्या, सकाळी बरी होती. मागच्या दारी बसून कोलंबी सोलत होती. 'जरा पानी दे गं' म्हणाली आणि पूजा तांब्या घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकून गेलेली होती. हार्ट, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी करते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "आत्या." त्या हळहळल्या, पण 'आत्या' या एका शब्दातून त्यांना काय कळणार होतं... महिना उलटून गेला, तरी ते नीट सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

हिराआत्या करावे गावची, म्हणजे आमच्याच घरची लेक. माझे वडील तिचे मोठे भाऊ. लग्न होऊन ती जासईला गेली आणि तिथे तिच्या सासूने तिला धवले शिकवले. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला एक बाई गाणी म्हणते, देवांना नावं घेऊन मांडवात बोलावते. ती धवलारीण. आत्या उरणच्या गावागावांतून धवले गायला जायची. हातात वाद्य नाही, समोर माईक नाही. मांडवात ती पाटावर बसली की डीजेवाली पोरं न सांगता गाणी बंद करायची. एरवीही तिला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. तिचा फोन आला की वडील रिसीव्हर कानापासून लांब धरून म्हणायचे, "अगं, फोन कशाला केलास? तशीच बोलली असतीस तरी इथपर्यंत ऐकू आलं असतं." त्यावर ती आणखीनच मोठ्याने हसायची. लहानपणी मला वाटायचं, या बाईला देवाने एक गळा जास्तीचा दिलाय.

नितेश तिचा एकुलता एक. कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. एका संध्याकाळी मोटारसायकलने घरी येत असताना ट्रेलरखाली सापडला. आम्ही करावेहून पोहोचलो तेव्हा आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, अंगणात आडवे पडले होते आणि चार माणसं त्यांना धरत होती. पूजा आत भिंतीकडे तोंड करून बसली होती, मांडीवर तान्ही मुलगी. आत्या मात्र उभी होती. कुणाला पाणी, कुणाला सतरंजी, नातीला दूध, सगळं तीच बघत होती. मी तिच्या गळ्यात पडले तर तिने माझी पाठ थोपटली. "मी बसले तर यांना कोन उठवनार?" म्हणाली. डोळे कोरडे. येणारी-जाणारी माणसं कौतुकाने सांगायची, बाई खंबीर हाय. आत्या ते ऐकायची आणि आणखी ताठ व्हायची. त्या कौतुकाने तिच्या रडण्याची वाट बंद केली, असं मला आज वाटतं. पण त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच तिचा आधार वाटत होता, आणि आधाराला कुणी विचारत नाही, तुला काय होतंय...

मग हळूहळू शरीर बोलू लागलं. आधी झोप गेली. मान आणि खांदा असा आखडला की केस विंचरायला हात वर जाईना. घास छातीत अडकतो म्हणून जेवण पेजेवर आलं. साखर वाढली, रक्तदाब वाढला. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मना काय झालंय? वय झालं." नितेशचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. त्याचा फोटोसुद्धा आतोबांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून तिने कपाटात ठेवला होता.

वर्षश्राद्धानंतर शेजारच्या आळीत लग्न निघालं. नवरदेव नितेशच्या बरोबरीचा, दोघे एकत्र वाढलेले. त्याची आई बिचकतच विचारायला आली, तर आत्या म्हणाली, "का नाय येनार? तो पन माझाच." हळदीच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. नवरदेव चौरंगावर आला. बायकांनी हळदीची वाटी पुढे केली. आत्याने पदर सारखा केला, डोळे मिटले, तोंड उघडलं... आणि आवाजच आला नाही. नुसता वारा. तिने खाकरून पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाज नाही. मांडवात अशी शांतता पसरली की कढईतलं तेल तडतडलेलं ऐकू येत होतं. शेवटी एका म्हातारीने दुसरंच गाणं सुरू करून वेळ मारून नेली. आत्या माझा हात धरून उठली.

त्या दिवसापासून ती कुजबुजल्यासारखी बोलू लागली. दृष्ट काढून झाली, काढे झाले. मग मी तिला करावेला आमच्याकडे आणलं आणि घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून तपासलं. स्वरयंत्र ठणठणीत होतं. ते म्हणाले, "आजी, जरा खोकून दाखवा." आत्या खोकली, आणि खोकल्याला चांगला खणखणीत आवाज होता! मी चमकलेच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "या सोंग करत नाहीयेत. आवाज खरंच गेलाय. पण बिघाड घशात नाही. घरात काही घडलंय का?" मी सांगितलं. त्यांनी एका समुपदेशक बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. रिक्षात आत्या रागाने कुजबुजली, "मी येडी हाय का?"

तरी माझ्या शब्दाखातर ती जात राहिली. समुपदेशक बाई चांगल्या होत्या. त्या तिला दीर्घ श्वास घ्यायला, गुणगुणायला सांगायच्या, नितेशबद्दल विचारायच्या. आत्या त्यांना नातीचं कौतुक सांगायची, पूजाच्या नोकरीचं सांगायची, नितेशकडे मात्र वळायची नाही. बाई म्हणाल्या, घाई नको. शरीराने जे धरून ठेवलंय ते ओढून काढायचं नसतं.

आणि मग एका सकाळी ते घडलं. करावेच्या जेट्टीवर वडील जाळं दुरुस्त करत बसले होते, आत्या शेजारी. मी चहा घेऊन गेले होते. भरती चढत होती, गावातली मुलं पाण्यात उड्या मारत होती. वडील मोजकं बोलणारा माणूस. त्या मुलांकडे बघता बघता त्यांचे हात थांबले. म्हणाले, "हिरे, नितेश इथंच पोहाया शिकला गं. माझ्या मानेला धरून..." एवढा मोठा माणूस तोंडावर जाळं धरून हमसाहमशी रडू लागला. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग त्यांची समजूत काढायला तिने तोंड उघडलं, आधी वाराच आला, आणि मग पोटातून, कुठून तरी खोलातून, हंबरल्यासारखा आवाज निघाला. "नितेऽऽश..." पाण्यातली मुलं थबकली. होड्यांवरची माणसं उठून उभी राहिली. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. भावा-बहिणीने एकमेकांना घट्ट धरलं होतं. मी हातात किटली घेऊन तशीच उभी होते. थांबवावं असं मला वाटलं नाही.

आवाज परत आला, जरा घोगरा होऊन. खांदा सुटला, जेवण उतरू लागलं. जासईला परत गेल्यावर तिने पहिल्यांदा नितेशचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला. आतोबा तिथून उठून गेले, पण तिने फोटो काढला नाही. ती पुन्हा धवले गाऊ लागली, माझ्या लग्नातही गायली. मधेच रडू आलं तर थांबायची, डोळे पुसायची आणि पुढे गायची. पण सगळंच परत मिळालं नाही. तिचं हृदय कमकुवत झालं होतं. त्या वर्षाने ते झालं का, असं मी तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. साखर होती, रक्तदाब होता. पण एवढं दुःख दाबून ठेवलं की त्याचा भार हृदयावर येतोच." नवरात्रात भेटले, ती शेवटची भेट. अंगणातून घरात येईपर्यंत दोनदा टेकली. मी काळजीने बघतेय हे पाहून म्हणाली, "धाप लागते गं. पन झोप लागते आता."

मागच्या रविवारी जासईला गेले होते. पूजाकडून कळलं, शेवटच्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या गावांतून बायका आत्याकडे येऊन बसायच्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं मूल. आत्या त्यांना ओट्यावर बसवायची, चार गोष्टी विचारायची आणि मग गप्प राहून ऐकायची. अशा वेळी आतोबा नाक्यावर निघून जायचे, त्यांना रडणं सोसायचं नाही. हे बोलणं चाललं असतानाच फाटकाशी एक अनोळखी बाई आली. चाळिशीची असेल, चेहरा ओढलेला. "धवलारीनबाय हायत का? माझी लेक गेली... घास उतरत नाय. मना कोनी इथं जा म्हनून सांगितलं." पूजाने माझ्याकडे बघितलं. आतोबा ओट्यावर जेवत होते. "ती नाय आता," ते म्हणाले. "गेली." बाई चपला ओढत माघारी वळली. आतोबांनी ताट बाजूला सारलं.

"थांब बाय," ते म्हणाले. "बस जरा. तिच्यासारखं मना नाय जमनार. पन मी हाय."

ती ओट्याच्या कडेला अंग चोरून बसली. आतोबा या वेळी उठून नाक्यावर गेले नाहीत. मग ती बोलू लागली.